झुलत्या बागेचा पत्ता : बॅबिलोनच्या उत्खननातलं एक प्रकरण

बॅबिलोनच्या राजवाड्यात कमानदार छतांच्या चौदा खोल्यांची एक इमारत सापडली. तिथे घडीव दगड होता, जाड भिंती होत्या आणि एक चमत्कारिक विहीर होती. एवढ्यावरून ती प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या झुलत्या बागेचा पाया ठरली. त्याच इमारतीतून निघालेल्या मातीच्या पाट्या छापून लोकांसमोर यायला मात्र १९३९ साल उजाडलं, आणि त्यांत तेलाचा हिशेब निघाला. या प्रकरणात निर्णय कुठे कुठे झाले, तेव्हा हाताशी काय होतं आणि त्यातलं काय बाजूला राहिलं, ते इथे मांडलं आहे. बागेचा पत्ता अजून लागलेला नाही, त्यामुळे हा सगळा क्रम पुन्हा तपासून पाहणं मला फार गरजेचं वाटतं.

पार्श्वभूमी

बगदादच्या दक्षिणेला सुमारे ८५ किलोमीटरवर, हिल्ला शहराला लागून बॅबिलोनचे ढिगारे आहेत. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन वास्तुतज्ज्ञांनी २६ मार्च १८९९ रोजी तिथे कुदळ मारली. काम उन्हाळा-हिवाळा न बघता चालू राहिलं आणि १९१७ साली ब्रिटिश फौजा बगदादेत शिरल्या तेव्हाच थांबलं. रोज दोनशेच्या आसपास मजूर खणत असत. मातीच्या ढिगात कच्च्या विटांची भिंत नेमकी कुठे सुरू होते हे ओळखणं सोपं नसतं. कोल्डेवाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कसब अक्षरशः घडवलं. इश्तार दरवाजा, त्याला लागून जाणारा मिरवणुकीचा रस्ता, दुसरा नेबुकॅडनेझर (इ.स.पू. ६०५ ते ५६२) याचा दक्षिण राजवाडा, हे सगळं त्यांनीच उजेडात आणलं. पुढे जे घडलं ते हलगर्जी माणसांच्या हातून घडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या काळातले सर्वांत काटेकोर उत्खनक तिथे काम करत होते.

बागेची वर्णनं ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतून आलेली आहेत. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बेरोसस नावाच्या बॅबिलोनी पुरोहितानं ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला. तो ग्रंथ हरवला, पण त्यातला बागेचा उतारा इसवी सनाच्या पहिल्या शतकात जोसेफस या ज्यू इतिहासकारानं उद्धृत केला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. नेबुकॅडनेझरची राणी मीडिया या आजच्या वायव्य इराणमधल्या डोंगराळ मुलखातली, तिला माहेरचे डोंगर आठवत, म्हणून राजानं दगडी बांधकामाचे उंचवटे उभारून त्यांवर झाडं लावली, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा या उताऱ्यातली.

डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानं मापंच दिली आहेत. बागेची प्रत्येक बाजू चार प्लेथ्रा, म्हणजे सुमारे १२० मीटर. सर्वांत वरचा सज्जा ५० हात उंच. भिंती २२ फूट जाडीच्या. मातीखाली दगडी तुळया, तुळयांवर डांबरात बसवलेले बोरू, त्यांवर पक्क्या विटांचे दोन थर आणि सगळ्यांत वर शिशाचे पत्रे. हे वाचलं की लिहिणाऱ्याला किंवा त्याला माहिती देणाऱ्याला गळतीची अडचण नीट कळलेली होती एवढं नक्की पटतं. मुंबईच्या मलबार हिलवरची बाग पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे. छतावर झाडं वाढवायची तर मातीचं वजन आणि ओल या दोन गोष्टी आधी सोडवाव्या लागतात, हे तिथल्या देखभालीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारावं. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं विटांच्या कमानी सांगितल्या, बाग युफ्रेटिस नदीला लागून ठेवली आणि पाणी चढवायला मळसूत्री पंप असल्याचं लिहिलं. रोमन इतिहासकार कर्टियस रूफसच्या वर्णनात बाग गडावर आहे.

अडचण

ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यातला बेरोसस सोडला तर कुणीही बॅबिलोनचा नव्हता. शहराचं लांबलचक वर्णन करणारा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस बागेबद्दल एक शब्द काढत नाही. त्याहून जड गोष्ट ही की, नेबुकॅडनेझर स्वतःही गप्प आहे.

हा राजा आपल्या बांधकामांबद्दल गप्प बसणारा नव्हता. विटांवर त्याच्या नावाचे शिक्के आहेत. तटबंदी, देवळं, कालवे, राजवाडे यांची यादी देणारे त्याचे लेख भरपूर आहेत. त्यांतला एक मोठा शिलालेख बगदादमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीनं मिळवला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत दिला. त्या कचेरीच्या नावानंच तो ओळखला जातो आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नवा राजवाडा आपण पंधरा दिवसांत पुरा केला, अशी बढाई राजानं त्यात मारली आहे. आता बेरोससचा उतारा काढून बघा. त्यातही राजवाडा पंधरा दिवसांत झाल्याचं लिहिलं आहे. म्हणजे असा एखादा लेख किंवा त्याची नक्कल बेरोससच्या डोळ्यांखालून गेली असणार. पण त्याच्या मजकुरात राजवाड्यापाठोपाठ बाग येते आणि राजाच्या लेखात ती नाही. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच आहे. इतर बारकावे जुळतात आणि नेमकी बागच जास्तीची आहे.

कोल्डेवाय यांच्यापुढे ही अडचण प्रत्यक्ष जमिनीवर आली. राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात इतर दालनांपेक्षा वेगळी अशी ती इमारत निघाली. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना सात-सात अरुंद खोल्या, सगळ्या एकसारख्या, वर विटांच्या कमानी. एके ठिकाणी शेजारी शेजारी तीन कूप असलेली विहीर, मधला चौकोनी आणि बाजूचे दोन लांबट. असं दुसरं उदाहरण शहरात नव्हतं. मधल्या कुपात माणसानं उतरून दुरुस्ती करावी आणि बाजूच्या दोहोंतून रहाटगाडग्याची माळ खालीवर फिरावी, असा अर्थ त्यांनी लावला. शिवाय इथे घडीव दगड सापडला. दगड नसलेल्या या गाळाच्या प्रदेशात असा दगड त्यांना आणखी एकाच जागी, राजवाड्याच्या टेकडीच्या उत्तर तटाला मिळाला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय उघड होता. वर्णनांत दगड आहे, कमानी आहेत, पाणी उपसण्याची सोय आहे. इथे तिन्ही आहेत. तेव्हा ही बागच.

दुसरा पर्याय म्हणजे इमारतीला तिच्या आराखड्यावरून ओळखणं. एकाच मापाच्या, खिडक्या नसलेल्या खोल्यांची रांग आणि आत शिरायला मोजक्या वाटा, अशी रचना मेसोपोटेमियात, म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या या प्रदेशात, कोठाराची असते. जाड भिंती आतल्या मालाला गारवाही देतात.

तिसरा पर्याय होता नदीकडे बघण्याचा. स्ट्रॅबोची बाग नदीकाठी आहे आणि डायोडोरसकडेही पाणी नदीतूनच उपसलं जातं. राजवाड्याची पश्चिम बाजू नदीची. चौदा खोल्यांची इमारत बरोबर उलट्या टोकाला. पश्चिमेच्या अंगाला कोल्डेवाय यांनीच पक्क्या विटांचं आणि डांबराचं एक अवाढव्य बांधकाम मोकळं केलं होतं, ज्याच्या भिंती सुमारे २० मीटर जाडीच्या आहेत. त्यांनी ते संरक्षणाचं बांधकाम मानलं. एवढ्या जाडीचा उपयोग मातीचा आणि झाडांचा भार पेलायलाही होऊ शकतो, हा विचार बऱ्याच वर्षांनी डोनाल्ड वाइझमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे आणला.

आणि चौथा : काहीच न ठरवता थांबणं. इमारतीतून लेखी साहित्य निघत होतं. सुमारे तीनशे पाट्या आणि तुकडे तिथल्या एका खोलीत होते. ते वाचून होईपर्यंत नकाशावर नुसतं ‘कमानींची इमारत’ एवढंच लिहिता आलं असतं.

काय केलं

कोल्डेवाय यांनी पहिला पर्याय उचलला. त्यांचा युक्तिवाद भाबडा नव्हता. मधल्या भागाच्या भिंती बाहेरच्यांपेक्षा भक्कम आहेत, म्हणजे भार वरून येणार होता. झाडांच्या सावलीत खालच्या खोल्या थंड राहिल्या असतील आणि उन्हाळ्यात दरबारी कामकाज तिथे चाललं असेल, असं त्यांनी मांडलं. मापं जुळत नाहीत हेही त्यांनी लपवलं नाही. डायोडोरसच्या १२० मीटरच्या बाजूपुढे ही इमारत जेमतेम ३० बाय ४० मीटरच्या आसपास भरते. प्राचीन लेखक आकडे फुगवतात, असं म्हणून तो फरक सोडून दिला गेला.

माझ्या मते खरा निर्णय इथे झाला. वर्णनातला दगड खरा मानला आणि त्याच वर्णनातलं माप खोटं मानलं. नदीचा उल्लेख गौण ठरला, विहिरीचा अर्थ प्रमुख ठरला. कुठला तपशील ठेवायचा आणि कुठला टाकायचा याचा निकष आधी ठरला नव्हता. इमारत समोर आली आणि तिला सोयीचा निकष मागाहून आला. पण विहिरीचा तो अर्थ खरा धरला तरी तिचं पाणी बागेलाच जात होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. राजवाड्याला पाणी लागतंच.

मग एकदा नाव पडलं की ते निघत नाही. नकाशांवर, प्रवाशांच्या माहितीत, चित्रांमध्ये या कोपऱ्यावर बाग आली आणि बसली.

पाट्या काय म्हणाल्या

प्राचीन लेखांचे अभ्यासक एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ साली त्या संग्रहातल्या काही पाट्यांचा मजकूर प्रसिद्ध केला. तो शिधावाटपाचा होता. कुणाला किती तिळाचं तेल द्यायचं याच्या नोंदी, नेबुकॅडनेझरच्याच कारकिर्दीतल्या. घेणाऱ्यांमध्ये कोण नाही? भूमध्य समुद्राकाठच्या टायर आणि बिब्लॉस या शहरांचे लोक, अॅश्केलॉनचे राजपुत्र, इजिप्शियन, मीड, लिडियन, आयोनियाचे ग्रीक सुतार. आणि इ.स.पू. ५९७ मध्ये जेरुसलेम पडल्यावर कैद करून आणलेला यहूदाचा राजा यहोयाखीन. त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला तेल, म्हणजे प्रत्येकी अर्धा सिला. सिला हे माप ढोबळमानानं लिटराच्या जवळपासचं.

बायबलमध्ये ज्याच्या बंदिवासाची गोष्ट आहे त्या राजाचं रेशन कारकुनाच्या हातचं मिळावं, ही झुलत्या बागेहून काकणभर सरस अशी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. नको त्या जागी हवं ते शोधताना केवढं मोठं काही हाताखाली पडून होतं! इमारतीच्या ओळखीपुरता निष्कर्ष मात्र साधा होता : इथे माल साठवला जात होता, मोजला जात होता आणि वाटला जात होता. आज ही इमारत बहुतेक अभ्यासक कोठार आणि हिशेबाची कचेरी मानतात. वर गच्चीवर बाग असूच शकत नाही असं पाट्यांनी सिद्ध होत नाही, पण ती होती असं मानायला आता वेगळं कारण उरत नाही.

दुसरी फेरी : निनेव्हे

ऑक्सफर्डच्या अभ्यासक स्टेफनी डॅली यांनी १९९०च्या दशकात प्रश्नच फिरवला. बॅबिलोनमध्ये जागा शोधत बसण्यापेक्षा, ज्या राजानं बागेबद्दल खरोखर लिहून ठेवलं आहे तो कोण ते त्यांनी पाहिलं. असा राजा होता आजच्या उत्तर इराकमधल्या अॅसिरियाचा सेनाकेरिब (इ.स.पू. ७०५ ते ६८१), आणि त्याची राजधानी निनेव्हे, आजच्या मोसुलसमोर टायग्रिसकाठी.

सेनाकेरिबचे लेख बागेबद्दल बोलतात. आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या अमानस पर्वतासारखी बाग आपण राजवाड्याशेजारी केली, असं तो सांगतो. तोलदांड्याला बादली बांधून पाणी उपसण्याऐवजी काशाची नवी साधनं ओतून घेतल्याचंही सांगतो. त्या वर्णनात डॅली यांना मळसूत्री पंप दिसतो. पाण्यासाठी त्यानं डोंगरातून कालवे आणले. त्यांतला जेरवानचा जलसेतू आजही उभा आहे : सुमारे २८० मीटर लांब, वीस लाखांवर घडीव दगडांचा. आणि चित्रही आहे. त्याचा नातू अशुरबनिपाल याच्या निनेव्हेच्या राजवाड्यातलं एक दगडी शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. टेकडी, माथ्यावर खांबांचा मंडप, उतारभर झाडं, झाडांमधून तिरके फुटलेले पाट, आणि उजव्या अंगाला निमुळत्या कमानींवरून पाणी आणणारा जलसेतू. ग्रीकांच्या वर्णनाला याहून जवळचं चित्र माझ्या माहितीत नाही.

नावांच्या घोटाळ्याबद्दल डॅली यांच्या बाजूनं बोलणारा एक पुरावा डायोडोरसमध्येच आहे. तो निनेव्हे शहर युफ्रेटिसवर ठेवतो, जे साफ चूक आहे. तो ज्या शिकारीच्या दृश्यांचं वर्णन बॅबिलोनच्या भिंतींवर करतो तीही अॅसिरियन राजवाड्यांना शोभणारी आहेत. म्हणजे त्याच्या माहितीत दोन्ही शहरं मिसळलेली होती.

तरी या पर्यायातही भोकं आहेत. पंपाचं वाचन सर्वांना मान्य नाही. बेरोसस बॅबिलोनचा रहिवासी; दुसऱ्याच्या राजधानीतली बाग तो आपल्या राजाच्या पदरात का घालील? डॅली यांना तो उतारा जोसेफसपर्यंत येताना बदललेला वाटतो, पण तो अंदाज आहे. शिवाय निनेव्हेचा इ.स.पू. ६१२ मध्ये नाश झाला. त्यानंतर शतकांनी ग्रीकांनी नेमकं काय पाहिलं हा प्रश्न राहतोच. माझं मत विचाराल तर निनेव्हेला मोठी राजबाग होती हे सिद्ध आहे, आणि तीच सात आश्चर्यांतली बाग होती हे शक्य आहे. ही दोन विधानं वेगळी ठेवावीत. पहिल्याच्या जोरावर दुसरं गळी उतरवणं म्हणजे कोल्डेवाय यांचीच चाल पुन्हा खेळणं.

वेगळं काय करता आलं असतं

दगड, कमान, विहीर यांवरून बाग ओळखता येत नाही, कारण या तिन्ही गोष्टी बागेखेरीजही असतात. बाग ओळखायची ती खड्ड्यांवरून. झाड लावायला खड्डा खणावा लागतो, त्यात वेगळी माती भरावी लागते, आणि हजारो वर्षांनीही तो खड्डा आजूबाजूच्या थरांतून वेगळा दिसतो.

हे तंत्र त्या काळी नव्हतं असं म्हणता येत नाही. कोल्डेवाय यांच्या हाताखाली तयार झालेले वाल्टर आंद्रे १९०३ साली अशुर या अॅसिरियाच्या जुन्या राजधानीच्या उत्खननावर गेले. तिथल्या नववर्षोत्सवाच्या मंदिराभोवती आणि अंगणात त्यांना खडकात कोरलेल्या खड्ड्यांच्या सरळ रांगा मिळाल्या : झाडं लावण्याचे खड्डे. ते मंदिर सेनाकेरिबनंच बांधवलेलं. म्हणजे जमिनीत बाग कशी दिसते हे त्याच जर्मन मंडळींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चौदा खोल्यांच्या इमारतीला ती कसोटी परत जाऊन लावायला हवी होती. गच्ची ढासळली तरी तिच्यावरची भरावाची माती, शिशाचे तुकडे, बोरूच्या छापाचं डांबर ढिगाऱ्यात मिळायला हवं. डायोडोरसनं थर इतके स्पष्ट सांगितले आहेत की काय शोधायचं त्याची यादीच तयार होती. पुढे विल्हेल्मिना जशेम्स्की यांनी पॉम्पेईत मुळांच्या पोकळ्यांत साचे ओतून कुठे कुठलं झाड होतं तेही दाखवलं. परागकणांचा अभ्यास तर आज नेहमीचा झाला आहे.

पाट्यांबाबत दोष एका माणसाला देता येणार नाही. खोदणारे वेगळे, वाचणारे वेगळे, मध्ये एक महायुद्ध. पण इमारतीचं नाव ठरवताना ‘आतला मजकूर अजून वाचायचा आहे’ असं लिहून ठेवायला कुणाची अडचण नव्हती.

आजची स्थिती

बॅबिलोनमध्ये भूजल इतकं वर आहे की कोल्डेवाय यांना नेबुकॅडनेझरच्या हजारावर वर्षं आधीच्या हम्मुराबी राजाच्या काळचे थरसुद्धा नीट गाठता आले नाहीत. युफ्रेटिसनं पात्र बदललं आहे. १९८०च्या दशकात सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत दक्षिण राजवाडा जुन्या पायावर नव्या विटांनी उभारला गेला, त्यांतल्या काही विटांवर सद्दाम यांचं नाव आहे. २००३-०४ मध्ये त्याच परिसरात परदेशी फौजांचा तळ पडला आणि खंदक खणले गेले. २०१९ साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून घेतलं. निनेव्हेच्या काही वेशी २०१६ मध्ये आयसिसनं पाडल्या. मोसुल मुक्त झाल्यावर मश्की वेशीच्या दुरुस्तीत २०२२ साली सेनाकेरिबच्या काळातले कोरीव दगड पुन्हा हाती आले.

या दोन जागांपैकी एकीवर एकच चर घ्यायची मुभा असेल तर मी तो निनेव्हेत, सेनाकेरिबच्या राजवाड्याखालच्या उतारावर घ्यावा म्हणेन. तिथे पाणी येण्याची वाट माहीत आहे, राजाचा लेख आहे, शिल्प आहे, आणि भूजलाचा अडथळाही बॅबिलोनसारखा नाही. चरात बघायचं ते एवढंच : वेगळ्या मातीनं भरलेले खड्डे, एका रांगेत, आणि त्यांच्याकडे जाणारा पाट.